आठाच्या वर माणूस नाही

नियम मी टाइप केलेत. सतराच्या सतरा. तेव्हा आधीच सांगते, या गोष्टीत मी काही गरीब गाय नाही.

घर आमचंच. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे बाग. हे निवृत्त झाल्यावर आम्ही फ्लॅटवर राहायला गेलो आणि घर सुट्टीला येणाऱ्या लोकांना दोन-चार दिवसांच्या भाड्याने द्यायला लागलो. पहिल्याच महिन्यात एका टोळक्याने रात्रभर गाणी लावली, नाचून नाचून बेसिन उपटलं आणि शेजारच्या भाऊजींच्या कुंडीत ओकून गेलं. मग ह्यांनी नियम काढले. परीक्षा विभागात तीस वर्षं काढलेला माणूस. बाकांच्या रांगांमधून फिरत ‘मान वळवायची नाही’ म्हणायचं, त्याचा पगार. हे फेऱ्या मारत सांगायचे आणि मी मोबाइलवर टाइप करायचे.

“चौथा. पार्टी करायची नाही. आणि पार्टी म्हणजे काय तेही लिही, नाहीतर लोक वाद घालतात. आठाच्या वर माणसं, किंवा भिंतीबाहेर जाणारा आवाज. दोन्हीतलं एक झालं तरी पार्टी. नववं डोकं दिसलं की बुकिंग रद्द, सगळे बाहेर.”

“आणि आठ जण गप्प बसून जेवले तर?” मी विचारलं.

“मग ती पार्टी कसली? जेवण झालं ते. जेवू दे की.” स्वतःच्याच न्यायबुद्धीवर खूश होऊन हसले होते.

कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दारामागे टांगला.

आता मुलीचं. ती एकुलती एक. प्रेमात पडली ती कार्यक्रमांना स्पीकर लावून देणाऱ्या मुलाच्या. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं भोंगा. “आयुष्यभर मी शांतता राखली आणि जावई काय, तर भोंगा!” तो मुलगा आमच्याकडे आला तेव्हा इतकं हळू बोलला की मला दोनदा “काय?” म्हणावं लागलं. पण ह्यांचं ठरलं होतं. तिला म्हणाले, “त्याच्याशी लग्न करायचं असेल तर आमच्या घरात यायचं ते पाहुणी म्हणून. पाहुण्यासारखं यायचं, पाहुण्यासारखं जायचं.”

मी तिथेच भाजी निवडत होते. निवडत राहिले.

पोरगी गेली, त्याला वर्ष झालं. तिचा फोन यायचा, मी बोलायचे, आणि फोन ठेवला की ह्यांना सगळं सांगायचे. हे विचारायचेही नाहीत. मीच सांगायचे. सवय.

परवा शनिवारी अकरा वाजता भाऊजींचा फोन आला.

“वहिनी, तुमच्या घरात गडबड आहे.”

“आवाज करतायत?”

“आवाजच नाही ना! सकाळपासून सात माणसं आत गेली, टोपलीभर फुलं गेली, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल. मी कुंपणाला कान लावून पाहिला. इतकी शांतता चांगल्या माणसांची नसते.”

हे चहा अर्धा टाकून उठले. गाडीत मला बुकिंग वाचायला लावलं. एका बाईच्या नावावर, आठ माणसं, एक रात्र, पूर्ण भाडं आधीच भरलेलं. फोटोत जाड चष्मा.

“साधी दिसतेय,” मी म्हणाले.

“साधेच लोक गोत्यात आणतात,” हे म्हणाले.

पायरीवर सात जोड चपला, बोटं भिंतीकडे करून, एका ओळीत. नियम अकरा. तो आजवर एकाही पाहुण्याने पाळलेला नव्हता. मी त्या ओळीकडे कौतुकाने बघत होते आणि तिसऱ्या जोडावर नजर अडकली. निळा पट्टा, त्यावर पांढरा दोरा. तो पट्टा मीच शिवला होता, माझ्या हाताने, आमच्याच स्वयंपाकघरात बसून. “अहो,” म्हणेपर्यंत ह्यांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं होतं.

आमची मुलगी टेबलाशी उभी. नवे मोतिया रंगाचे कपडे, केसात फूल. शेजारी भोंगा, हातात पेन. जाड चष्मेवाली बाई म्हणजे त्याची आई. त्याचा भाऊ, मुलीच्या दोन मैत्रिणी, आणि रजिस्टर उघडून बसलेली विवाह नोंदणी कार्यालयातली बाई. सात. सगळे आमच्याकडे बघत होते. माझ्या घरात माझ्या मुलीचं लग्न चाललं होतं आणि मी पाहणीला आले होते. घरमालकीण म्हणून.

“काय चाललंय हे!” हे ओरडले.

त्या दिवसातला तो पहिला आवाज. लगेच कुंपणापलीकडून भाऊजींचं डोकं वर आलं.

“बाबा, हळू,” मुलगी म्हणाली. “भिंतीबाहेर जातोय.”

“निघा! सगळे निघा!”

तिने दारामागचा कागद काढून ह्यांच्या हातात दिला. “कुठला मोडलाय, तेवढं दाखवा. लगेच निघतो.”

आणि हे वाचायला लागले! चष्मा लावून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, पेपर तपासावा तसे. सतरा नियम. मला वाटलं फाडतील. फाडला नाही. दुसऱ्यांदा वरपासून सुरुवात केली.

“तुम्ही म्हणालात, पाहुणी म्हणून यायचं,” मुलगी म्हणाली. “आले. उद्या अकराला केर काढून पाहुण्यासारखी जाईन. लग्न मात्र मला इथेच करायचं होतं. मी इथे वाढलेय, बाबा.”

ह्यांचा चेहरा पडला. असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. “बाप आहे मी तुझा,” म्हणाले, आणि टेबलाशी रिकामी खुर्ची होती ती ओढली.

“ती आठवी आहे,” मुलगी म्हणाली. “आईची.”

मी भांडायलाच लागले. “माझी? मग मला सांगितलं का नाहीस? जन्म दिला तुला!”

“सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत बाबांना कळलं असतं.”

भर लोकांत थोबाडीत बसली. आणि खोटं काय होतं त्यात?

“मग खुर्ची कशाला मांडलीस?”

“शेजारच्या काकांना शांतता सोसत नाही. फोन करणारच. आणि बाबा तुला घेतल्याशिवाय येत नाहीत. नियम वाचून दाखवायला तू लागतेस.”

नोंदणीवाल्या बाईने रजिस्टर जरासं माझ्याकडे सरकवलं. साक्षीदारांच्या दोन ओळी भरलेल्या. तिसरी कोरी.

“चल,” हे मला म्हणाले. कागद हातात, बूट पायात. अकरावा नियम त्यांनीच मोडला होता. “ऐकलं नाहीस का? चल म्हटलं ना!”

तीस वर्षांत या ‘चल’ला मी कधी ‘कुठे’ही विचारलेलं नाही. पाय वळलेसुद्धा होते. शपथेवर सांगते, वळले होते. मग मी खोलीतली डोकी मोजली. का मोजली, माहीत नाही. नियमाची सवय.

“अहो,” मी म्हणाले, “आत नऊ झाले. एकाला बाहेर जावं लागेल.”

आणि बसले.

माझं बोलणं मलाच ऐकू आलं तेव्हा कानशिलं तापली. हे माझ्याकडे बघत राहिले, कॉपी करताना पहिल्या नंबरची मुलगी सापडावी तसे. मग गेले. दार आपटलं नाही. आवाज झाला असता.

मी सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की त्या बाईने खाली नाव लिहून घेतलं. भोंग्याने त्याच्या त्या हळू आवाजात काहीतरी म्हटलं. मी “काय?” म्हणाले नाही, कारण कळलं होतं. तो मला आई म्हणाला होता.

खिडकीतून भाऊजींचा आवाज आला, “काय निघालं, वहिनी? पार्टी?”

“नाही हो. जेवण.”

गाडी सुरू झाल्याचा आवाज काही येत नव्हता. मी वाकून पाहिलं. हे पायरीवर बसले होते, चपलांच्या ओळीशेजारी, मांडीवर नियमांचा कागद. पायातले बूट काढलेले होते. बोटं भिंतीकडे करून ठेवलेले.