आधी चादरी, मग पडदे

मित्रांनो, मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर चटका बसेल. शाळेची पायरी मी चढले नाही, पण शिकलेल्यांच्या कपड्यांवरच्या सुरकुत्या मीच काढल्यात.

ओतशाळेतून मी थेट चर्चच्या मागच्या खोलीत आले. पाळकसाहेबांचा पांढरा झगा कडक करायचा, एवढंच काम. मान मोठा, पण बसून खाणं मला कधी पचलं नाही.

मग पाळकसाहेबांच्या लक्षात आलं, की वस्तीत अंथरुणाला खिळलेली माणसं ओल्या चादरींत पडून असतात. धुणारं कोणी नसतं. त्यांनी मंडळीतल्या चार बायका जमवल्या, ती खोली दिली, हौद बांधला आणि मला त्यांच्या हाती सोपवलं. चादरी फुकट धुवायच्या, कुणाला धर्म विचारायचा नाही. पुढारीण होती मावशी. तिचं तोंड माझ्याहून गरम! पाळकसाहेब म्हणायचे, "बाळ चालायला लागलं की बोट सोडायचं. उद्या ही संस्था तुमचीच." तो उद्या काही उजाडेना.

एकदा चर्चमध्ये मोठे पाहुणे यायचे होते. पडद्यांचा ढीग आला. बायकांनी चादरी बाजूला सारून पडदे आधी केले. त्या दिवशी म्हातारे सुतारकाका संध्याकाळपर्यंत ओल्यातच पडून राहिले. त्यांची सून कोरड्या चादरीसाठी दारात येऊन उभी राहिली. मावशीची मान खाली गेली. ती मान मी विसरले नाही.

पुढच्या वेळी पाळकसाहेब स्वतःच गठ्ठा घेऊन आले.

"मावशी, पाहुणे सकाळीच येताहेत."

"येऊ द्यात की. आधी चादरी, मग पडदे."

"अहो, खोली चर्चची, इस्त्री चर्चची!"

"मग न्या उचलून. जपून हं, पोटात निखारे आहेत."

बायकांचे हात थबकले. खोली गेली तर चादरी कुठे धुवायच्या? पाळकसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी माझी मूठ धरलीही. माझ्याखाली सुतारकाकांची चादर होती, अर्धी कोरडी, अर्धी ओली. हात आपोआप सुटला.

"बोट सोडतो म्हणत होतो," ते हळूच म्हणाले, "आणि मनगट धरून बसलो होतो."

खोलीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. पुढे संस्थेची वेगळी नोंदणी झाली, कारभार बायकांकडे आला. त्या सकाळी पाहुण्यांनी चुरगळलेले पडदे पाहिले. आभाळ काही कोसळलं नाही!

आता विजेच्या इस्त्र्या आल्यात. परवा चर्चची नवी कमिटी मला न्यायला आली. म्हणे, काचेच्या कपाटात ठेवू, वर चर्चच्या नावाची पाटी लावू. मावशीची नात म्हणाली, "तिला काम आहे."

आहेच मुळी. वाऱ्यानं गच्चीचं दार आपटतं, ते मी अडवून धरते. ओल्या चादरी घेऊन बायका माझ्या अंगावरून ये-जा करतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुसा, तेल लावा, पण काचेत कोंडू नका. आणि कुणाला पायावर उभं केलंत, तर त्याचा पहिला नकार ऐकायची छाती ठेवा. आता बाजूला व्हा बघू, चादरी येताहेत.