पातळ पत्रा

भास्करला कुणी ‘नको’ म्हटलेलं कधी ऐकूच यायचं नाही. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, की हा तो हात बाजूला सारून वर तुपाची धार सोडणार. पिंपरीत हे खपून गेलं. मेलबर्नला येऊन बारा वर्षं झाली, डेंटिंग-पेंटिंगमध्ये नाव झालं, पॉइंट कुक उपनगरात घर झालं, तरी खोड काही गेली नाही.

त्यामुळे रॉसने आपली गाडी त्याच्या हवाली केली तेव्हाच खरं तर घात झाला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा रॉस. भास्कर शिकायला आला तेव्हा याच म्हाताऱ्याने त्याला घरची मागची खोली दिली, पहिली नोकरी लावून दिली. आता त्याची फुप्फुसं निकामी होत आली होती.

गाडी अडुसष्ट सालची, अमेरिकन. पाव मैल सरळ रस्ता कोण आधी कापतो, तेवढ्याच शर्यतीसाठी कारखान्यानेच बांधलेली. अशा गाड्या मोजक्याच निघाल्या. पण जहाजातून येताना हिचे कागद हरवले, आणि चाळीस वर्षं क्लबातली मंडळी रॉसच्या तोंडावर तिला ‘नक्कल’ म्हणत आली. आता अमेरिकेहून एक जाणकार तपासायला येणार होता. आपले डोळे मिटायच्या आत त्याने तिला अस्सल म्हणावं, एवढीच रॉसची इच्छा उरली होती.

“जस्ट गिव्ह हर अ वॉश, मेट,” हॉस्पिटलच्या खाटेवरून तो म्हणाला. “बाकी काही करू नकोस.”

भास्कर समजुतीने हसला. संकोची माणूस, दुसरं काय बोलणार!

“अरे, तो नको म्हणालाय ना?” बायकोने, चित्रलेखाने, त्याला टोकलं. “यू नेव्हर लिसन.”

“म्हणतात गं तसं. आपल्याला कळायला नको?”

तीन वीकेंड तो गराजमध्ये राबला. पुढचे पत्रे हाताला लहरी-लहरी लागत होते, बोटाने दाबले तर दबत होते. त्याने ते काढून भंगारात दिले आणि जाड, नवे बसवले. डॅशबोर्डखाली हीटरच्या जागी एक ओबडधोबड पत्रा ठोकलेला होता. रॉसला थंडी सोसत नाही म्हणून भास्करने तो उपटून तिथे नवा हीटर बसवला. दसऱ्याला गाडी धुऊन, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घातला. मनापासून केलं होतं हो त्याने सगळं, आणि तेच फार वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाणकार आला. त्याने हार बाजूला केला आणि पत्र्याची जाडी मोजायचं छोटंसं यंत्र टेकवलं. पुन्हा टेकवलं. मग वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं.

“जुने पत्रे कुठे आहेत?”

“टाकले. कागदासारखे पातळ झाले होते.”

“झाले नव्हते, केले होते. वजन घटवायला कारखान्यात ॲसिडमध्ये बुडवून. हीटरही मुद्दाम दिला नव्हता. कागद नसताना तेवढाच पुरावा होता.”

भास्करने भंगारवाल्याला फोन लावला. पत्रे केव्हाच दाबून, वितळवायला गेले होते.

“मी हिला खोटी म्हणत नाही,” जाणकार बॅग बंद करत म्हणाला. “पण खरी म्हणायला आता माझ्याकडे काही नाही.”

वाटेत खोटं बोलायचं भास्करने शंभरदा ठरवलं. पण खाटेजवळ पोचल्यावर सगळं घडाघडा बाहेर आलं. पत्रे, हीटर, भंगार, सगळं.

रॉसने डोळे मिटले.

“रॉस, मी काय करू? सांग ना. काहीही सांग.”

“काही नको,” रॉस म्हणाला. “नो वरीज, मेट.”

आणि भिंतीकडे कूस वळवली.

भास्कर त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिला. हे ‘नको’ खरं होतं, आणि ‘नो वरीज’ निव्वळ शिष्टाचाराचं. या खेपेला त्याला दोन्ही नीट कळलं.