उजव्या बाजूचे ठिपके

बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके सारखे नसतात. म्हणून वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे लावायचे, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी टिपल्या गेल्या तरच एक जनावर धरायचं. हा नियम नव्या लोकांकडून मीच घोकवून घेते, आणि मोडलाही मीच. नाल्यात कधी हा कॅमेरा बंद, कधी तो. एकातून डावी बाजू मिळाली, आठवड्याने दुसऱ्यातून उजवी. बिबट्यांचा आकडा वर पाठवायची घाई होती. दोन्ही जोडल्या, एक नर मोजला आणि त्याचं 'दांडगोबा' असं नाव ठेवून मोकळी झाले.

कॅमेऱ्यांतली कार्डं बदलायला माझा दादा जातो. आज सकाळी बूट चढवता चढवता त्याने विचारलं, "नाल्यात एकटा जाऊ, की जोडीला कुणाला घेऊ?"

"जा एकटा. दांडगोबा पहाटेच पठारावर दिसलाय. नाला रिकामा आहे." मी मानही वर केली नव्हती.

दहा वाजता पठारावरच्या कॅमेऱ्याने पाठवलेला तो पहाटेचा फोटो नोंदवायला घेतला. धिप्पाड नर बघून मी तो दांडगोबाच धरला होता. आता उजवी बाजू स्वच्छ दिसत होती. नाल्यातल्या उजव्या बाजूशी एकही ठिपका जुळेना. नाल्यातला फोटो मोठा केला. अंग बारीक, डोकं लहान; नर कसला, मादी होती ती. तिच्या मागच्या पायांशी पाचोळा म्हणून मी सोडून दिलेलं काहीतरी होतं. त्याला कान होते.

पिल्लू सोबत असलेली मादी कधी अंगावर येईल, सांगता येत नाही. दादाचा फोन लागेना. रस्त्यावर गाडी घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरला लावला.

"ते तासाभरापूर्वीच आत गेले, ताई. हॉर्न वाजवू का?"

हॉर्नने ती बिथरली, आणि दादा नेमका तिच्या नि पिल्लाच्या मधे असला तर? नाही वाजवला आणि तो सरळ तिच्यासमोर गेला तर?

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

"नका वाजवू," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं, चुकलंच. फोन कानाला लावून बसून राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अकराच्या सुमारास दादाचाच आवाज आला. "काय गं, रडतेस कशाला?"

मी सगळं सांगून टाकलं.

"कार्ड काढताना मागे गुरगुर ऐकू आली होती," तो म्हणाला. "म्हटलं, कुत्रं असेल. तू सांगितलं होतंस ना, नाला रिकामा आहे. मी वळूनसुद्धा बघितलं नाही."