राईएवढे विष

"काहून रे देवमन, बुरशी तयार हाये ना? पाव्हणे येऊनच राहिले."

"तयार हाये, साहेब." नऊ वर्षांच्या चाकरीत देवमन हे पहिलेच खोटे बोलला.

अकोल्याच्या त्या शेती-प्रयोगशाळेत तो परिचर होता. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, मर रोग लावणारी बुरशी कुपीत वाढवायची आणि तिने सोडलेले विषारी पाणी गाळून घ्यायचे, हे त्याचे काम. त्या पाण्यात ठेवलेले रोप तीन दिवसांत मान टाकी. ज्या बुरशीचे ते विष, ती मात्र त्यातच सुखाने नांदे. हे प्रथम पाहिले देवमनने. अहवालावर नाव चढले साहेबांचे, केशवरावांचे.

तेही त्याने सोसले असते. परंतु छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्याने एकदा प्रयोगशाळेच्या माठातले पाणी आपल्या हाताने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांच्या हुकमाने माठ कुलपाच्या कपाटात गेला. विषाच्या कुपीला चालणारा हात पाण्याला चालत नव्हता. पाच वर्षे त्याने हा निखारा विझू दिला नाही.

बुरशीचे एक मर्म एकट्या त्यालाच ठाऊक होते. ताज्या अन्नावर पोसलेली बुरशी एकदम तीव्र विषात टाकली, तर तीही मरे. आधी तिला तिचेच विष थेंबाथेंबाने पाजावे लागे; मग ते पचवण्याची शक्ती तिच्या अंगी जागी होई. त्याचा बाप बुधाजी राईएवढ्या गोळीपासून अफूला सरावला होता. त्यावरून हे सुचले. सांगितले तेव्हा केशवराव पोट धरून हसले होते.

"अफूबाज बुरशी! आता हे लिवू का अहवालात?"

त्यांनी ते लिहिले नाही. या खेपेस देवमनने थेंबही पाजला नाही.

सोमवारी नागपूरच्या पाहुण्या शास्त्रज्ञांनी विषारी पाण्याच्या दोन्ही कुप्या, एक रोपांची नि एक बुरशीची, स्वतः मोहोरबंद केल्या. गुरुवारी उघडल्या. रोपे वाळली होती. बुरशीही मेली होती.

केशवरावांच्या कपाळी घाम डवरला. "देवमन, काहून झालं हे? सांग ना बाप्पा!"

"मले काय माईत, साहेब? आमी कुप्या धुनारे. लिवनारे तं तुमी."

केशवरावांची मान खाली गेली. याच क्षणासाठी देवमन जगला होता. तो त्याने डोळे भरून पाहिला.

पाहुण्यांनी अहवाल पुढे ओढला, लाल पेन्सिल घेतली. "'ही बुरशी आपल्याच विषात तगून राहते.' या विधानाला आधार नाही. हे काढून टाकतो."

त्या जाड अहवालात देवमनचे असे तेवढे एकच वाक्य होते.

त्याचे ओठ हलले. अजून सांगता आले असते. थेंब पाजायला तीन दिवसांची मुदत मागितली असती, तर पुरले असते. केशवराव आशेने त्याच्याकडे पाहत होते. त्याने ओठ मिटून घेतले.

लाल रेघ सावकाश, अक्षरामागून अक्षर ओलांडत, पूर्णविरामापर्यंत गेली. देवमन हात मागे बांधून ताठ उभा होता.