कालचं ऊन

अपोंडीला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. किसुमू शहरातल्या ऑफिसात बसून तिने सरोवराच्या कोबाला नावाच्या किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायकांसाठी ॲप केलं होतं. "आज ऊन, पसरा" किंवा "पाऊस येतोय, गोळा करा", एवढाच निरोप सर्व्हरवरून फोनवर जायचा. ॲप बंद असलं तरी नोटिफिकेशन वाजायला हवं, म्हणून प्रत्येक फोनची सर्व्हरकडे नोंद केली, परवानग्या मागितल्या, स्वतःच्या फोनवर वाजवून वाजवून पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे लोक कंटाळले.

तिची आई त्याच किनाऱ्यावर ओमेना वाळवायची. ही बारीक मासळी जाळ्यांवर पसरायची आणि उन्हात उलटीपालटी करायची. भिजली की कुत्रं विचारत नाही. कोंबड्यांच्या खाद्यात मातीमोल जाते. आईने बायकांच्या गटातल्या एकेकीच्या मागे लागून ॲप घ्यायला लावलं. "माझ्या लेकीनं केलंय," हे तिने इतक्यांदा ऐकवलं की बायका वैतागून हो म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी एकामागून एक सगळ्यांचे फोन वाजले. "आज ऊन, पसरा." आभाळ भरलेलं होतं. बायका घुटमळल्या, पण आईच म्हणाली, "अगं, पसरा! माझी लेक उगाच सांगेल का?" थोड्याच वेळात सरोवरावरून असा पाऊस आला, की ताडपत्र्या आणेपर्यंत ओमेनाचा लगदा झाला.

"मिन अपोंडी," गटातल्या अडोयोने सगळ्यांदेखत 'अपोंडीची आई' अशी हाक मारून विचारलं, "तुझ्या लेकीचं ऊन कुठे गं सांडलं?"

आई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. त्या दिवशी ऐकून घेतलं, आणि घरी जाऊन लेकीला फोन केला. "मला किनाऱ्यावर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"मी आज ऊन पाठवलंच नाही गं, आई! पाऊस पाठवलाय. ऊन कालचं होतं!"

"मग कालचं ऊन आज आलं कसं?"

दुसऱ्या दिवशी अपोंडी बस पकडून किनाऱ्यावर गेली आणि तिथे बसल्या बसल्या तिला उत्तर दिसलं. अडोयोने पोलक्यातून फोन काढला, डेटा चालू केला, बहिणीचा निरोप ऐकला, डेटा बंद केला, फोन परत पोलक्यात. सगळ्या असंच करत होत्या. विकत घेतलेलं डेटाचं बंडल असंच पुरवायचं असतं. पगार सुरू होईपर्यंत अपोंडीनेही हेच केलं होतं, आणि ऑफिसचं वायफाय मिळताच साफ विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

न पोचलेला निरोप सर्व्हर आठवडेच्या आठवडे जपून ठेवतो आणि डेटा चालू होताच हाती देतो. सोमवारी ऊन डोळ्यांना दिसतच होतं, निरोप आला नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तोच मंगळवारी सकाळी, एकेकीने डेटा चालू केला तेव्हा आला. पावसाचा सुटला, तेव्हा फोन पुन्हा पोलक्यात गेले होते. निरोपाला मुदत घालणं हे एका ओळीचं काम. तिने घातली नव्हती.

ती ओळ तिने तिथेच वाळूत बसून लॅपटॉपवर लिहिली. "आता तासाभरात पोचला नाही तर निरोप मरेल. शिळा येणार नाही."

"आणि ताजा?" अडोयो म्हणाली. "डेटा बंद असला तर तो तरी कसा येईल, पोरी?"

खरंच होतं. पलीकडे बायका भिशी गोळा करत होत्या, आज कुणाची पाळी यावरून हसणं चाललं होतं.

"भिशीसारखी डेटाची पाळी लावा की," अपोंडी म्हणाली. "बंडल सगळ्यांचं, दिवसभर चालू फोन एकीचा. वाजला की तिनं ओरडायचं."

"पहिली कोण ओरडणार?" अडोयोने विचारलं.

"मी," आई म्हणाली. "नाक माझं कापलं गेलंय."

आईच्या पाळीच्या दिवशीच अंदाजात पाऊस निघाला. किसुमूहून निरोप सुटला, पोचल्याची खूण सर्व्हरवर आली, पण अपोंडीचा आता खुणांवर विश्वास नव्हता. तिने आईला फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तो अडोयोने.

"ठेव गं बाई फोन! हात मोकळे नाहीत, ओमेना भरतोय. तुझ्या आईनं फोन माझ्याकडे टाकलाय आणि किनाराभर बोंबलत सुटलीय!"

मागून, लांबून, आईचा आवाज येत होता. "गोळा करा गं! आभाळाकडे काय बघताय? माझ्या लेकीनं सांगितलंय!"