एसीचे अश्रू

छतातल्या एसीच्या जाळीतून पहिला थेंब ब्रदर हॉबर्टच्या पांढऱ्या रुमालावर पडला आणि व्हर्लीनच्या ट्रेलरभोवती उभी असलेली माणसं शिंपल्यांच्या खडीवर गुडघे टेकून बसली. उन्हानं खडी इतकी तापली होती की चहाचं भांडं ठेवलं असतं तर उकळलं असतं. पण कुणी हललं नाही.

"उतरतोय," उघड्या दारातून ब्रदरचा आवाज आला. "यंत्राचा ताप उतरतोय. ते रडतंय, बघा."

थेंबांची धार लागली. बायका बाटल्या घेऊन पुढे सरकल्या. कुणी ते पाणी कपाळाला लावलं, कुणी दुखऱ्या गुडघ्याला चोळलं. मग ब्रदरनं बटण दाबलं. एसी घुरघुरला आणि बर्फासारखा गार वारा बाहेर आला. व्हर्लीन हुंदके देऊन रडायला लागली.

टेक्सासच्या किनाऱ्यावर आमचा हा ट्रेलर पार्क. नावाला सहलीची जागा, पण आम्ही सगळे बारा महिने इथेच राहतो. ज्याला घर परवडत नाही तो खाडीकाठी पत्र्याच्या डब्यात संसार मांडतो. ऑगस्टमध्ये हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसते आणि छतावरचा एसी बंद पडला की डब्याची भट्टी होते. माझ्यासारखा धडधाकट ट्रक ड्रायव्हर गाडीत जाऊन बसेल. पण व्हर्लीनचा नवरा डॉइल कुठे जाणार? जन्मभर जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करून त्याची फुप्फुसं निकामी झालेली. नाकात ऑक्सिजनची नळी आणि पायाशी गम्बो नावाचा केसाळ कुत्रा, एवढंच त्याचं जग.

गावोगाव फिरून प्रार्थना सांगणारा हा हॉबर्ट जुलैत आला आणि पार्कातल्या एकुलत्या एका मोठ्या ओकच्या सावलीत त्यानं गाडी लावली. आठवडाभरात ती जागा त्याला फुकट मिळाली, जेवण घरोघरी ठरलं आणि प्रत्येक प्रार्थनेनंतर पैसे गोळा करायला कॉफीचा एक रिकामा डबा हातोहात फिरू लागला.

"तारेतून नुसती वीज येत नाही, बहिणींनो," तो सांगायचा. "ती शहरभर फिरून येते. दारुड्याचा राग, जुगाऱ्याची हाव, सगळं घेऊन येते आणि तुमच्या एसीत साठवते."

"मग टोस्टरनं काय पुण्य केलंय?" मी एकदा विचारलं.

"रॉस्को, तोंड आवर जरा," व्हर्लीन म्हणाली. "तुझा एसी चालतोय म्हणून तुला सुचतंय."

तिचंही खरं होतं.

ब्रदरचे नियम कडक होते. प्रार्थना चालू असेपर्यंत यंत्रानं मौन पाळायचं, म्हणजे एसी पूर्ण बंद ठेवायचा. भजनं चांगली लांबलचक असायची. आतल्या जाळीचं झाकण कधीही उघडायचं नाही, उघडलं की कृपा उडून जाते. आणि गारवा पुन्हा कमी झाला तर मेकॅनिककडे न जाता त्यालाच बोलवायचं. गारवा कमी व्हायचाच. व्हर्लीनकडे तर त्याला सारखं यावं लागे.

आमच्यात टॅनहिलबाई राहतात. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एका प्रार्थनेला त्या घडीची खुर्ची घेऊन येऊन बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ब्रदर, एकदा यंत्र चालू ठेवून प्रार्थना करून बघता का?"

"आजाऱ्याला पळायला लावून औषध देतात का, बाई?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "आणि झाकण उघडून आत बघायला काय हरकत आहे?"

"तुम्ही शाळेत बेडकं फाडून बघितलीत. सापडला का आत्मा?"

यावर आणखी मोठं हसू झालं. बाईंनी खुर्ची मिटली आणि त्या निघून गेल्या. जाता जाता व्हर्लीनला एवढंच म्हणाल्या, "डॉइलला त्रास झाला तर कुणाची वाट बघू नकोस. सरळ माझ्याकडे घेऊन ये."

डॉइलला त्रास झाला तो दिवस शनिवारचा. हॉबर्ट पुलापलीकडच्या पार्कात यंत्रं रडवायला गेला होता. दुपारी गम्बो व्हर्लीनच्या दाराशी आतून ओरखडे काढत केकाटत होता. मी दार वाजवलं. ती उघडेना.

"ब्रदरशी फोनवर बोलले मी," आतून ती म्हणाली. "दार उघडू नको म्हणालेत. गारवा आतल्या आत जमतोय."

"व्हर्लीन, उघड. नाहीतर तोडतो."

दार उघडलं आणि तोंडावर वाफ आली. एसीचा आवाज चालू होता, वारा मात्र नावालाही नव्हता. डॉइलचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कातडी कोरडी पडली होती. तो मला कारखान्यातल्या कुठल्याशा मुकादमाच्या नावानं हाक मारत होता. "शिडी धर रे," म्हणत होता. व्हर्लीन हातात ओला टॉवेल घेऊन बसली होती, आणि तो टॉवेलही गरम झाला होता.

मी त्याला ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट उचलून माझ्या गाडीत ठेवलं आणि गाडीचा एसी पूर्ण सोडला. टॅनहिलबाई धावत आल्या. अँब्युलन्सला फोन करून त्यांनी त्याच्या काखेत, मानेशी बर्फाच्या पिशव्या लावल्या, अंगावर ओली चादर टाकली. व्हर्लीन बाजूला उभी राहून एकच वाक्य बोलत होती. "पण त्यांनी दार उघडू नको म्हटलं होतं."

डॉइल जगला. मूत्रपिंडं मात्र बिघडली, आणि बोलणं जे गेलं ते आजही परत आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लीन त्याचे कपडे न्यायला हॉस्पिटलमधून आली. ट्रेलरसमोर माणसं जमली होती आणि त्यांच्या पुढे हॉबर्ट उभा होता.

"बहिणी," तो हळुवारपणे म्हणाला, "काल तू दार उघडलंस ना? विश्वास डळमळला. त्याची किंमत बिचाऱ्या डॉइलनं मोजली."

व्हर्लीन पायरीवर बसली. तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

"पुरे," टॅनहिलबाई म्हणाल्या. "व्हर्लीन, कालपासून एसी कुणी बंद केलेला नाही. मी झाकण काढू का? घर तुझं आहे, तू सांगशील तसं."

"त्याला हात लावाल तर..." हॉबर्ट पुढे झाला.

"काढा," व्हर्लीन म्हणाली.

बाई स्टुलावर चढल्या. आम्ही दारात, खिडक्यांत दाटी करून बघत होतो. झाकणामागची हवेची गाळणी गम्बोच्या केसांनी आणि धुळीनं पार लिंपलेली होती, करड्या नमद्यासारखी. ती काढली आणि मागे दिसला बर्फ. पांढरा, जाड, एकसंध. पलीकडच्या नळ्या दिसतही नव्हत्या.

"वारा या भिंतीतून येणार कसा?" बाईंनी विचारलं.

"माझी प्रार्थनाच तिथे गोठून राहिली आहे," हॉबर्ट म्हणाला.

"असं? मग आज प्रार्थना करू नका. कुणीच करू नका. फक्त बसा." बाईंनी एसी बंद केला.

आम्ही घाम पुसत बसून राहिलो. ना भजन, ना प्रार्थना. बऱ्याच वेळानं टप्प असा आवाज झाला. मग आणखी एक. मग धार लागली, अगदी तशीच, रोजच्या जागी.

ज्या बाईनं ते पाणी गुडघ्याला चोळलं होतं ती मान खाली घालून बाहेर गेली.

"गाळणी बुजली की नळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही," बाई सांगू लागल्या, पूर्वी वर्गात सांगत असतील तशाच. "आपली दमट हवा, त्यात तुम्ही बटण सर्वांत थंडावर आणि पंखा सर्वांत हळू ठेवता. नळ्यांवर पाणी गोठत जातं. बंद ठेवलं की वितळतं आणि यंत्र थोडे दिवस चालतं. ब्रदर तेवढंच करतात, बंद करतात. बाकीचा वेळ तुम्हाला गायला लावतात."

बर्फ पुरता वितळल्यावर त्यांनी गाळणी साबणानं धुतली, वाळवली, परत बसवली आणि पंखा जोरात ठेवून एसी लावला. वारा आला. संध्याकाळी होता, दुसऱ्या दिवशी होता, पुढच्या आठवड्यातही होता.

हॉबर्ट त्याच दुपारी गाडी घेऊन गेला. कुणी अडवलं नाही. अजूनही दोघंतिघं म्हणतात, माणूस तसा वाईट नव्हता.

त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये परत जाण्याआधी व्हर्लीननं बाईंना विचारलं, "म्हणजे गाळणी धुतली असती तर डॉइल बोलत असता?"

बाईंनी तिचा हात धरला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून सांगतो. देवाला मानायचं तर माना, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जो माणूस झाकण उघडू देत नाही, त्याच्यापुढे गुडघे टेकू नका. प्रश्न विचारला म्हणून जो तुम्हाला दोष देतो, त्याला दारात उभं करू नका. यंत्र बिघडलं तर आत काय आहे ते बघा, समजत नसेल तर समजणाऱ्याला बोलवा. आणि घरातलं माणूस उन्हानं तापलं, बरळायला लागलं, तर कुणालाही न विचारता दार उघडा आणि त्याला गारव्यात न्या.