इटलीचं मावंदं

"ताई, नका नं. मी का काशीले गेली होती का?" पाटावर बसता बसता हर्षा लाजली.

"सात समुद्र ओलांडून आली तू. इटली तं इटली," तिचे थोरले दीर मधुसूदनराव म्हणाले. "आमच्या बाई तीस वर्षं नुसत्या बोलूनच राहिल्या. पाहून आली तू."

यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे, मग मावंद्याचं जेवण, ही त्या घराची रीत. 'वाट चालून आली ती थोरली,' सासूबाई म्हणायच्या. म्हणून आज थोरली जाऊ प्रेमलताबाई तांब्या घेऊन धाकटीपुढे वाकली होती.

प्रेमलताबाई कॉलेजात इंग्रजी शिकवत. इटलीला गेलेल्या अमेरिकन लेखकांची प्रवासवर्णनं हा त्यांचा जिवाचा विषय. रोमच्या घुमटावर त्या बोलू लागल्या, की काटोलहून एसटीनं आलेल्या पोरी वर्गातल्या पंख्याकडे मान वर करून बघत राहत. तिकडे जायचं एकदाच ठरलं होतं. तेव्हाच सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि पासपोर्ट कोराच संपला.

गेले आठ दिवस हर्षाचे फोटो येत होते. प्रत्येक चर्चसमोर मधोमध हर्षा. प्रेमलताबाई बोटांनी तिला कडेला सारून मागची भिंत मोठी करून बघत.

"ते छतावरलं चित्र पाह्यलं का वं?" त्यांनी विचारलं.

"थोडंसंच. मान दुखे. अन् गर्दी किती."

प्रेमलताबाईंच्या मनात गुळाचा खडा विरघळला.

"मंग मी बाहेर निघाली," हर्षा सांगू लागली. "एक म्हातारी उंबऱ्यावर शेंगा सोलून राहिली होती. मले पाहून नुसती सरकली. मी बसली. तिच्यासंग शेंगा सोलत राहिली. घंटा वाजली तं तिचा हात थांबला. माहाबी थांबला. बोलणं काहीच नाही, ताई. पण उठू नये असं वाटे."

तांब्या तिरका झाला, पण धार पडेना. त्या जाडजूड पुस्तकांत अशा म्हाताऱ्या जागोजागी होत्या; लेखक त्यांना रस्त्यावरून बघत, वहीत उतरवत. कुणासाठी एखादी सरकल्याचं प्रेमलताबाईंना आठवेना. चित्राचा हेवा सोपा होता. हा कुठे ठेवावा ते कळेना.

त्यांनी पाणी ओतलं. टाचेवर फुटून वाळलेला फोड होता.

"दगडाचे रस्ते हाय तिकडे," हर्षा म्हणाली. "चालून चालून आला."

प्रेमलताबाईंचा अंगठा फोडाच्या कडेवर थांबला.

"झालं नं, ताई?"

"थांब वं. नीट धुऊ दे."

तांब्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. पाय अजून त्यांच्या ओंजळीत होता.